अडून बसलेलं गणित

"ही गोष्ट तुमच्यापैकी एकालाही खरी वाटणार नाही," हेरंब वैशंपायन म्हणाले, "आणि ज्याला वाटेल त्याला उद्या टॉवरवर चढू देऊ नका. इतक्या भोळ्या माणसाचं वर काही काम नाही."

शेडमधली बावीस पोरंपोरी हसली. हेरंबकाकांना तेच हवं होतं. ऐकणारा एकदा हसला की पुढे कुठेही न्यावा, मुकाट येतो, हे त्यांना पंधरा वर्षांत पाठ झालं होतं.

पाटणच्या वरच्या पठारावर, पवनचक्क्यांची रांग सुरू होते तिथे, ही पत्र्याची लांब शेड आहे. चढणाऱ्यांची शाळा. सहा आठवडे इथे दोर, हुक, पाने आणि वंगण शिकायचं आणि सातव्या आठवड्याच्या सोमवारी शंभर मीटरची शिडी चढून पहिल्यांदा वर जायचं. ती चढाई बघायला कुणाकुणाच्या घरची माणसं आदल्या दिवशीच येऊन राहतात. आणि त्या आदल्या दुपारी, जेवणं उरकली की, कराडहून हेरंबकाकांना आणून गोष्ट ऐकायची, ही इथली पद्धत. काका म्हणजे पठारावरचे जुने कंपनं मोजणारे इंजिनियर, निवृत्त होऊन चार वर्षं झालेले, आणि थापाड्या म्हणून तीन तालुक्यांत नाव कमावलेले. आपण पठारावर दिलेली शिंक एकदा वाऱ्यानं कराडला नेऊन बायकोला ऐकवली आणि संध्याकाळी घरी पोचेपर्यंत काढा तयार होता, असं ते शपथेवर सांगत.

"सन दोन हजार सदतीस," काकांनी सुरुवात केली. "तेव्हा जुळे नवे नवे आले होते."

जुळे म्हणजे काय हे आता कुणाला सांगावं लागत नाही, पण काका सांगतच. प्रत्येक टॉवरला साठ सेन्सर चिकटवलेले आणि त्याच टॉवरची हुबेहूब प्रत संगणकात उभी. ही प्रत म्हणजे जुळा. तिचे साडेचार लाख बारके तुकडे पाडलेले, मासे धरायच्या जाळ्यासारखे एकमेकांना बांधलेले. एक तुकडा हलला की तो शेजाऱ्याला ओढतो, शेजारी त्याच्या शेजाऱ्याला. कोण कुणाला किती ओढतो याची लाखो समीकरणं मांडायची आणि सोडवायची. हाती काय लागतं? एक ताल. कुठलीही उभी वस्तू हलवून सोडली की ती आपल्याच तालात डोलते. आमचा टॉवर तीन सेकंदांत एक झोका घ्यायचा. वरची पाती चार सेकंदांत एक फेरा मारायची. हे दोन ताल वेगळे आहेत तोवर सगळं ठीक. जुळले की संपलं. झोपाळ्याला नेमक्या वेळी बोटानं ढकललं तरी तो आढ्याला टेकतो, तसं.

"म्हणून रोज सकाळी चढाईच्या आधी जुळ्याला विचारायचं, बाबा, आज तुझा ताल किती? त्यानं तीन सांगितलं की पडद्यावर हिरवा. हिरवा आला की चढायचं. त्याआधी काय होतं माहितीये? चढणारा गडी टॉवरच्या सांध्यावरच्या प्रत्येक कड्याच्या बोल्टांवर हातोडी मारत मारत वर जायचा आणि आवाज ऐकायचा. सैल बोल्ट बद्द वाजतो. जुळे आले आणि हातोड्या खिळ्याला लटकल्या."

"आम्हाला तर हातोडी दाखवलीही नाही," पहिल्या रांगेतली एक मुलगी म्हणाली. बानू तिचं नाव. केस बारीक कापलेले, हाताची घडी घातलेली, आणि सकाळपासून प्रत्येक शिकवणाऱ्याला एकेक प्रश्न विचारून तिनं घाम फोडलेला.

"दाखवतील कशाला? हिरवा आहे ना!" काका म्हणाले. "तर माझं काम काय, की टॉवरांच्या पायाशी खोलीत बसून या जुळ्यांची गणितं चालू ठेवायची. एका टॉवरला बारा मिनिटं लागत. पण एकोणीस नंबरचा टॉवर एक दिवस अडून बसला. बाराची चाळीस मिनिटं झाली. चाळीस मिनिटांचे चार तास. आणि मग, ऐका, एकतीस तास!"

"मागच्या तुकडीला अकरा सांगितले होते तुम्ही," बानू म्हणाली. "माझ्या मैत्रिणीनं वहीत लिहून घेतलंय."

"तुझ्या मैत्रिणीचं घड्याळ मागे असेल."

"आणि त्याच्या आधीच्या तुकडीला सात."

शेड खदखदली. काकांनी कानाला हात लावला. "बरं बाई, अकरा. पण याच्या खाली मी उतरणार नाही."

खरे अकराच होते. ते सांगताना काकांना उगाच हलकं वाटलं, जणू एवढं एक खरं बोलून बाकीचं फिटलं.

मग त्यांनी गणित का अडलं याची शोधमोहीम सांगायला घेतली. हा भाग त्यांचा लाडका. आधी बघितली संगणकाची मेमरी. ती भरून वाहत होती आणि अर्धं गणित यंत्र डिस्कवर उतरवून ठेवत होतं, पुन्हा उचलून आणत होतं. ओटा लहान पडला म्हणून निम्मी भांडी अंगणात मांडून स्वयंपाक करणाऱ्या बाईसारखं. काकांनी मेमरी दुप्पट केली. अकराचे दहा तास झाले. मग बघितली जाळी. शिडीच्या एका टीचभर कोपऱ्यात, जिथे वेल्डिंगचा तीन मिलिमीटरचा गोलावा होता, यंत्रानं साठ हजार तुकडे पाडून ठेवले होते. "सगळ्या टॉवरला साडेचार लाख आणि त्या कोपऱ्याला साठ हजार! लग्नात सोयऱ्यांना पत्रावळ नाही आणि वाजंत्र्याला पंचपक्वान्न!" तो कोपरा त्यांनी सरळ केला. साडेआठ तास. मग कळलं की आपण जुळ्याकडे दोनशे ताल मागतोय आणि लागतात वीस. ते कमी केले. पावणेआठ.

"आणि हे सगळं चालू असताना पैलवान येऊन दारात उभा."

पैलवान म्हणजे त्या टॉवरवर चढणारा गडी. काका गोष्टीत त्याचं नाव कधी घेत नसत. उंचापुरा, पठारावरच्याच धनगरवाड्यातला, हातात चहाचे दोन पेले. तो काकांना पंत म्हणे.

"काय पंत, जुळ्यानं तोंड फुगिवलंय व्हय?"

"तुला काय कळतंय त्यातलं? चहा ठेव आणि जा."

"आमचा म्हातारा म्हनतो, ह्ये पंखं ढग हाकलत्यात. म्या म्हनलं, न्हाय ओ, पंखं न्हाय, आमचं पंत हाकलत्यात. दिसभर निस्तं फुकत बसल्यालं असत्यात त्या पडद्यावर."

काका पैलवानाची नक्कल अशी करत की शेड डोक्यावर घेतली जाई. आजही घेतली गेली. मग त्यांनी पालीचा किस्सा जोडला. त्याच्या आदल्याच महिन्यात एका जुळ्यानं धोका दाखवला होता. काकांनी धावपळ केली, पाच टॉवर थांबवले, पैलवानाला भर उन्हात वर पाठवलं. वर काय, तर सेन्सरच्या डबीत पालीनं अंडी घातलेली. पुढचे आठ दिवस पठारावर काकांचं नाव पालवाले साहेब. जेवायला बसले की कुणीतरी चुकचुक करायचं.

"आता खरी गंमत," म्हणत काका फळ्याकडे वळले आणि खडूनं टॉवर काढायला लागले. एकावर एक पाच नळकांडी आणि दोन नळकांड्यांच्या सांध्यावर एकेक कडं. "यंत्र हे गणित एका झटक्यात सोडवत नाही. ते अंदाज बांधतं, तपासतं, चूक किती निघाली बघतं, पुन्हा अंदाज बांधतं. टॉवर नीट बांधलेला असेल तर चूक भराभर कमी होते. पण एखादी जागा सैल असली तर? तिथला तुकडा कुठेही सरकू शकतो. मग यंत्राचा अंदाज भरकटतो. दावणीची म्हैस सापडायला किती वेळ? आणि सुटलेली? रान पालथं घालावं लागतं. माझा जुळा रान पालथं घालत होता. आळशीपणा नव्हता तो. त्याला उत्तर सापडत नव्हतं, आणि न सापडलेलं उत्तर ठोकून द्यायला तो काही माणूस नव्हता."

शेड आता हसत नव्हती.

"मी लॉग उघडला. लॉग म्हणजे यंत्राची रोजनिशी. प्रत्येक फेरीला तिथे एक ओळ, अमक्या जागी ताकद जवळजवळ शून्य. दर वेळी तीच जागा." त्यांनी फळ्यावर चौथ्या सांध्याभोवती खडू गोल फिरवला. "चार नंबरचं कडं. सेन्सरांनी जुळ्याला सांगितलं होतं की तिथले बोल्ट धरत नाहीत. तो बिचारा अकरा तास तेवढंच मला सांगत होता. तेही बोलून नाही, अडून बसून."

ते वळले. खडूची पूड झटकत असताना त्यांचं लक्ष पहिल्या रांगेकडे गेलं. बानू उभी होती. तिची खुर्ची तिनं एका माणसाला दिली होती आणि त्याच्या दोन कुबड्या भिंतीला लावून ठेवत होती.

"आमचे आबा," ती म्हणाली. "उद्या बघायला आलेत. केव्हाचे दारात उभे होते, मला दिसलेच नाहीत. तुम्ही सांगा काका."

माणसाचे केस पिकले होते. खांदे तेवढेच रुंद. डाव्या गुडघ्याखाली पँटचा पाय दुमडून पिन लावलेली.

सोपान कोकरे. पैलवान.

हेरंबकाकांनी टेबलावरचा पाण्याचा तांब्या उचलला आणि तो तोंडाला लावून बराच वेळ तसेच उभे राहिले.

अठरा वर्षं. मधे पाटणचा बाजार होता, कराडची बसस्थानकं होती, एकाच जिल्ह्यातली शेकडो लग्नं होती. कुठेही गाठ पडली नव्हती, कारण हेरंबनी पडू दिली नव्हती. धनगरवाड्याचा फाटा आला की ते गाडीत डोळे मिटून घेत.

त्या सकाळी सात वाजता सोपान पट्टा बांधून दारात आला होता. "पंत, हिरवा द्या की. वारा उठायच्या आत जाऊन येतो." पडद्यावर लॉग उघडा होता आणि चार नंबरचं कडं ओळीनं खाली खाली उमटत होतं. आज नको, एवढे दोन शब्द बोलायचे होते. पण हेरंबना आधी ती चुकचुक ऐकू आली. पुन्हा पाच टॉवर थांबवायचे, पुन्हा सोपानला वर पाठवायचं आणि पुन्हा पाल निघाली तर? सेन्सरच बिघडलाय, त्यांनी स्वतःला सांगितलं. पडदा थोडा आपल्याकडे वळवून घेतला.

चिकटव नावाची एक सोय होती. कड्याच्या दोन बाजू एकमेकींना धरून आहेत की नाही हे जुळ्यानं तपासायचंच नाही. एकसंध लोखंड आहे असं समजायचं आणि पुढे जायचं. सगळेच वापरत. घाई असली की हमखास. हेरंबनी कडं चिकटवलं. नऊ मिनिटांत गणित सुटलं. ताल तीन सेकंद. हिरवा.

टॉवरच्या दारातून सोपाननं वॉकीटॉकीवर विचारलं होतं. तो चढायच्या आधी नेहमी पत्र्याला कान लावायचा, जुनी खोड. "पंत, आज येगळाच घुमतोय. काय म्हनतो जुळा?"

"तीन सेकंद. नेहमीसारखेच."

ते तीन सेकंद नकाशातल्या टॉवरचे होते. सोपाननं कान लावला होता तो टॉवर दुसराच होता.

वर काम झालं. मग पद्धतीप्रमाणे माणूस वर असतानाच पाती फिरवून बघितली. चार सेकंदांना एक फेरा. आणि सैल कड्याचा टॉवर आता चार सेकंदांच्याच तालात आला होता. झोका वाढत गेला. हेरंबना खिडकीतून दिसलं. त्यांनी पाती थांबवायचं बटण दाबलं, पण पाती काही बटणासरशी थांबत नाहीत. सोपान शिडीवरून उतरत होता. चार नंबरच्या कड्यापाशी एक हुक काढून दुसरा लावायच्या मधल्या क्षणी शिडीनं हिसका दिला. तो नऊ मीटर खालच्या फळीवर आदळला.

इस्पितळात हेरंब एकदाच गेले. दारातच उभे राहिले. सोपानचा पाय तोवर काढला होता. तो गुंगीत होता, तरी त्यानं ओळखलं आणि विचारलं, "पंत, हिरवा कसा काय आला रं?"

"सेन्सर बिघडला होता."

"आसं व्हय," सोपान म्हणाला. त्यावर त्याचा पूर्ण विश्वास बसला. चौकशीतही तेच लिहिलं गेलं, कारण चिकटव काढून जुळा पूर्ववत करायला हेरंबना त्या संध्याकाळी दोन मिनिटंही लागली नव्हती.

पुढे ही शाळा निघाली. त्यांना बोलायला बोलावलं, आणि पहिल्या वर्षी उभं राहिल्यावर तोंडातून भलतीच गोष्ट बाहेर आली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या वर्षी ती जास्त रंगली. गोष्टीतला पैलवान दर वर्षी सुखरूप खाली यायचा, खाली आल्यावर चहा मागायचा, पंतांच्या पाठीत धपाटा घालायचा. कधी कधी कराडला परत जाताना हेरंबना तो धपाटा खरंच पाठीवर जाणवायचा आणि घाट संपेपर्यंत बरं वाटायचं.

"काका?" बानू म्हणाली. "चार नंबरचं कडं. मग?"

त्यांनी तांब्या खाली ठेवला. सोपान त्यांच्याकडे बघत होता. राग नव्हता त्या बघण्यात. जुनं माणूस भेटल्याचा आनंदच होता, आणि काहीतरी ऐकायचं राहून गेलं असावं तशी कपाळावर एक आठी.

किती ऐकलं असेल त्यानं? लॉगचं ऐकलं असेल का?

आता खरं सांगता येईल, हेरंबना वाटलं. हीच वेळ. उद्या ही पोरगी वर जाणार आहे, हिरव्यावर भरवसा टाकून. तिला सांगायला हवं की खालच्या खोलीत बसलेल्या माणसाला चुकचुकीची भीती वाटते. गणित अडलं तर त्याला विचार, का अडलं, आणि उत्तर मिळेपर्यंत शिडीला हात लावू नकोस. आणि गणित झटपट सुटलं तर दोनदा विचार. तिचे डोळे बापाचेच होते, आता दिसलं. तो पडला तेव्हा ही नुकती चालायला लागली असेल. सोपान तेव्हा सगळ्यांना सांगत फिरायचा, लेक चालत न्हाय, पळतीच डायरेक.

बावीस चेहरे वाट बघत होते.

"काय पंत," सोपानच म्हणाला, अगदी जुन्या सुरात, "तोंड फुगिवलं व्हय जुळ्यानं?"

पोरं हसली. त्यांना वाटलं, आबांनी दारात उभं राहून नक्कल उचलली. त्या हसण्यानं हेरंबना धक्का दिल्यासारखं झालं आणि पंधरा वर्षं एकाच वाटेनं गेलेली गाडी आपसूक त्याच वाटेला लागली.

"मग काय!" त्यांचा आवाज चढला. स्वतःच्या कानांना तो दुसऱ्याचाच वाटला. "मी घड्याळ बघितलं. सात वाजून वीस. पैलवान तर चढायला लागलेला! साठ मीटरवर असेल. मी खोलीतून पळत सुटलो. चपला कुठे, चष्मा कुठे. वॉकीटॉकी तोंडाला लावला आणि ओरडलो, पैलवान, आहेस तिथून मागे फिर! चार नंबरच्या कड्याला हात लावू नकोस! तो म्हणतो, पंत, परत पाल का? म्हटलं, पाल असली तर जन्मभर पालवाले म्हण मला, पण उतर! आणि उतरला बरं का, शिव्या देत देत, एकेक पायरी..."

"म्हणजे तुमच्यामुळे वाचले ते," बानू म्हणाली. या वेळी तिनं काहीच तपासलं नाही. हाताची घडी सुटली होती. "आबा, ऐकलंत? तुमच्या वेळी असं कुणी खाली असतं तर..."

सोपाननं हात वर केला. ती थांबली. तो कुबडी न घेता, खुर्चीच्या पाठीला धरून, एका पायावर उभा राहिला. बाहेरच्या पात्यांचा आवाज आत येत होता. त्याच्या कपाळावरची आठी गेली होती. त्यानं फळ्याकडे बघितलं, चौथ्या सांध्याभोवतीच्या खडूच्या गोलाकडे, आणि मग हेरंबकडे.

"खोटं," तो म्हणाला. "मला कुनी हाक मारली न्हाय, पंत. कडं तुला दिसलं हुतं, आन् तू हाक मारली न्हाईस."